पट्टा उतार

आमच्या सरकारांची मोटार अमेरिकेहून निघाली तेव्हा तरणी होती म्हणतात. आमच्यापर्यंत येईतो ती इतकी म्हातारी झाली होती की हुमनाबादच्या अड्ड्यावरची टांग्याची घोडी तिला वाट सोडायची. भीतीनं नव्हे, वयाला मान म्हणून. सरकार म्हणजे आमचे जहागीरदार. निजामाच्या मुलखात ज्याच्या नावानं दोन-चार गावं असत तो सरकार, आणि ज्याच्याकडे मोटार असे तो जरा जास्तच सरकार. मी त्या मोटारीचा ड्रायव्हर, मिस्त्री आणि चढ लागला की बैल.

सरकार घरात मराठी बोलत, शेतावर कानडी बोलत, पण मोटारीजवळ आले की फक्त उर्दू. मोटारीला मराठी कळत नाही असा त्यांचा पक्का समज होता. पुढचा सगळा घोळ त्या उर्दूनं घातला.

मोटारीच्या फुटबोर्डवर उभा राहायला एक पट्टेवाला होता. त्याला सगळे अप्पा म्हणत. छातीवरून आडवा रुंद कातडी पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला. बाकी अंगावर मांस म्हणाल तर पट्ट्याचंच काय ते. त्याचे भाऊबंद सगळे मेंढरामागं फिरत, आणि हा बाजारातून निघाला की लोक बिड्या विझवून उभे राहत. पट्टा काढून तो विहिरीवर आंघोळीला गेला तर त्याला कुणी ओळखत नसे. एकदा त्याच्याच बायकोनं त्याला 'कोण पायजे' म्हणून विचारलं, असं मी गावभर सांगत असे, आणि लोक ते खरं मानत.

त्याच्या लेकीची सोयरीक चिंताकीला जुळत आली होती. तिकडच्या पाव्हण्यानं मुलगी अजून बघितलीसुद्धा नव्हती. त्यानं बाजारात पट्टा बघितला होता. "सरकारच्या पट्टेवाल्याची लेक करायलाव," म्हणून तो आपल्या गावात मिशी पिळत फिरत होता. म्हणजे सोयरीक पट्ट्याशी जुळली होती. लेक त्याच्यासोबत जाणार होती, इतकंच.

अशात एक दिवस बीदरच्या रस्त्यावर, त्या तांबड्या दगडांवर, मोटारीनं खालून हंबरडा फोडला. पेट्रोलची टाकी मागं बुडाखाली असायची, दोन लोखंडी पट्ट्यांच्या झोळीत लेकरासारखी निजलेली. त्यातला एक पट्टा गंजून तुटला आणि टाकी दुभत्या म्हशीच्या कासेसारखी लोंबायला लागली. दगडावर घासून अशा ठिणग्या उडाल्या की मागच्या गाडीवानानं त्यावर चिलीम पेटवली. मी माझ्या पटक्यानं टाकी वर बांधली आणि उघड्या डोक्यानं मोटार घरी आणली.

नवे पट्टे त्या मोटारीला मुंबईतसुद्धा मिळाले नसते. मी जिनिंगमधून कापसाच्या गाठीला आवळतात ती लोखंडी पट्टी आणली, दुहेरी करून लोहाराकडून रिबिटं मारून घेतली, एका टोकाला आकडा वळवला, दुसऱ्या टोकाला बोल्ट बसवला. मूळच्यापेक्षा सरस काम. राहिलं होतं फक्त चामडं. लोखंड नुसतं टाकीला लागलं तर महिन्याभरात पत्रा खातं, आणि मोटार चालताना असं कुईकुई करतं की वाटावं आत उंदरांचं लग्न आहे. म्हणून मधे चामड्याची पट्टी लागते.

टाकी भरलेली होती. रिकामी करून घेऊ म्हटलं तर सरकार म्हणाले, हवेत उडून जाईल. मग ती वर धरणार कोण? अप्पा. त्याला मी मोटारीखाली ओणवा घातला आणि टाकी त्याच्या पाठीवर दिली. पट्टा-बिल्ल्यासकट, कारण कामावर असताना पट्टा काढायचा नाही अशी त्याची शिस्त. सरकार समोर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, आणि त्यांच्याशेजारी कारभारी, सरकार हसले की हसायला.

"लवकर कर मिस्त्री," खालून अप्पा म्हणाला. "माझं मणकं मोजायलाय टाकी."

"दम धर अप्पा. बापजन्मी यवढं शिरीमंत वझं आलंतं का तुझ्या पाठीवर?"

तेवढ्यात सरकार मोटारीजवळ आले. जवळ आले म्हणजे उर्दू. तुटका लोखंडी पट्टा एका बाजूनं अजून लटकत होता. त्याच्याकडे काठी करून ते मला म्हणाले, "पुराना पट्टा उतार. नया डाल."

आता आमच्याकडे 'पट्टा उतार' हे शब्द पट्टेवाल्याला एकाच वेळी ऐकू येतात, नोकरी सुटते तेव्हा. मोटारीखाली वाकलेल्या माणसाला वरची काठी कुठून दिसणार? त्याला दिसले सरकारांचे जोडे, आणि ऐकू आलं ते ऐकू आलं. टाकी खालून थरथरायला लागली.

"सरकार," तो म्हणाला, "काय चुकलं माझं?"

सरकारांना आधी कळेना. मग कळलं. कळलं की त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी फक्त आंब्याची पहिली पाटी उघडताना बघितलं होतं.

"तुला माहीत नाही?" सरकार म्हणाले. मोटारीजवळ मराठी मी पहिल्यांदा ऐकली.

"फुटबोर्डवर डुलकी लागली व्हती एकडाव. तेच का, सरकार?"

"आणखी?"

"परसातली दोन सीताफळं उचल्ली व्हती. लेकीला इच्छा झालती... न्हाई, लेकीला न्हाई, बायकोला."

"आणखी?"

कारभारी लिंबाला धरून हसत होता. अप्पा टाकीखालून एकेक गुन्हा काढून देत होता, आणि सरकार नुसतं 'आणखी' म्हणत होते. इतके गुन्हे एका जन्मात मावत नाहीत. मला वाटतं शेवटी शेवटी तो भावांचेसुद्धा सांगत होता. शेवटी त्यानं एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्या हातानं बक्कल सोडलं आणि पट्टा सरकारांच्या जोड्यापाशी सरकवला. टाकी मात्र पडू दिली नाही.

मी म्हटलं, "अप्पा, सरकार लोखंडी पट्ट्याचं बोलले. टाकीच्या."

सरकारांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्याचा रंगात आलेला डाव कुणी पाटावरून उधळावा. मग पट्टा काठीनं उचलला, उन्हात धरला, वास घेतला.

"मिस्त्री, तुला चामडं लागत होतं ना?"

"व्हय सरकार."

"हे कसं आहे?"

चामडं उत्तम होतं. वर्षानुवर्षं तेल खाल्लेलं, लोण्यासारखं मऊ. मी तसं सांगितलं. विचारलं तर सांगावं लागतं.

"सरकार," खालून आवाज आला, "तुमी तर टाकीचं बोल्लाव न्हवं?"

"मी टाकीचंच बोललो. तू आपणहून दिलास. दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत नाही."

मी बिल्ला काढून सरकारांच्या हातात दिला, पट्टा मधोमध कापला, एकेक तुकडा एकेका लोखंडी पट्ट्याखाली घातला आणि दोन्हीकडचे नट सारखे आवळले. टाकी अशी बसली की आवाज नाही, हालचाल नाही. अप्पा बाहेर आला तो बराच वेळ ओणवाच होता. सरळ कसं व्हायचं ते विसरल्यासारखा.

"मग मी आता कुटं हुबारू, सरकार?"

सरकार म्हणाले, "जिथं तुझा पट्टा तिथं तू."

तेव्हापासून अप्पा मोटारीच्या मागं, टाकीच्या वर, सुट्या चाकाला धरून लटकायला लागला. बीदरला पोचेपर्यंत त्याच्यावर इतकी तांबडी धूळ बसे की एकदा एका म्हातारीनं त्याला शेंदूर लावलेला देव समजून नारळ फोडला. हे मी अजूनही सांगतो.

पण चिंताकीचे पाव्हणे मुलगी बघायला यायचे ठरले तेव्हा अप्पा माझ्याकडं आला.

"मिस्त्री, येक दुपार दे. पाव्हणं जेवून गेलं की परत लाव. त्याच्यायवजी गोणपाट घाल तवर."

"आन् सरकारला कळलं मंजी?"

"दुपारी झोपत्यात की ते. कामून कळंल?"

मला नाही म्हणता आलं असतं, पण मग मजा काय राहिली? मी चामडं काढून दिलं, जागी गोणपाट भरलं. चांभारानं दोन तुकडे मधे शिवून दिले. पट्टा तोकडा झाला होता, त्याला पेट्रोलचा वास येत होता, आणि बिल्ल्याच्या जागी नुसती दोन भोकं. तरी अप्पानं तो घातला आणि पुन्हा माणसासारखा दिसायला लागला.

मी मुद्दाम जेवायला थांबलो. पाव्हण्यानं बिडी काढली तर अप्पानं हात जोडून म्हटलं, "व्याही, जरा लांब बसून वडा." पाव्हण्याला वाटलं हा मोठेपणाच असणार, तो आदरानं ओसरीच्या कडेला जाऊन बसला. लेकीनं पाणी आणलं. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं, पट्ट्याकडं तीनदा. सगळं ठरल्यातच जमा होतं.

नेमके त्या दुपारी सरकार झोपले नाहीत. कारभाऱ्याला घेऊन, स्वतः चाक धरून मोटार काढली, आणि टाकी वेशीपासून कुईकुई करायला लागली. सरकारांनी उतरून खाली बघितलं, गोणपाट बघितलं, आणि मोटार थेट अप्पाच्या दाराशी आणून उभी केली. पाव्हण्याचा ऊर भरून आला. प्रत्यक्ष सरकार सोयरिकीला आले म्हणून तो उठून वाकायला लागला.

सरकार मोटारीतच बसून होते. त्यामुळे उर्दू.

"मेरी गाडी का पट्टा इसके अंग पे कैसे आया?"

अप्पानं बिल्ल्याच्या जागची दोन भोकं हातानं झाकली.

"उतार," सरकार म्हणाले.

या वेळी अर्थाबद्दल कुणाला शंका नव्हती. अप्पानं बक्कल सोडलं. दारात लेक पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिला बघून तो वळला आणि पाठमोरा होऊन त्यानं पट्टा काढला. कारभाऱ्यानं तो घेऊन माझ्याकडं फेकला. पाव्हण्यानं आधी पट्ट्याकडं बघितलं, मग अप्पाकडं, आणि आतापर्यंत कुणाशी बोलत होतो हे त्याला आठवेना असं त्याचं तोंड झालं.

"पाव्हणं," अप्पा म्हणाला, "लेक माझी चांगली हाय."

पाव्हणा त्याच्या बाजूनं पुढं गेला, मोटारीपाशी पोचला, पटका काढून हातात घेतला आणि सरकारांना म्हणाला, "सरकार, मंजी पट्टेवाल्याची जागा रिकामी हाय म्हना की. आमचं पोरगं हाय. उंच हाय, बिडी वडत न्हाई."

सरकार इतके खूश झाले की पुन्हा मराठीत बोलले. "घेऊन ये त्याला."

पोरगं खरंच उंच होतं. त्याला नवा पट्टा आणि जुना बिल्ला मिळाला. फुटबोर्डवर ते असं उभं राही की बाजारात बाया वळून बघत, आणि थोड्याच दिवसांत त्याला भालकीकडची, अप्पाच्या लेकीपेक्षा बऱ्याच चांगल्या घरची मुलगी सांगून आली. वरातीला मोटार आमचीच. नवरदेव मधे बसला, सरकार स्वतः पुढं बसले, आणि वऱ्हाडी इतके चढले की मागं लटकायला जागा उरली नाही. अप्पा हातानं धूळ झाडत थोडा वेळ मोटारीसोबत पळाला. मग मी गेर बदलला.