थोरलीचा गृहप्रवेश

ग्वाल्हेरला समुद्र नाही. ही गोष्ट आमच्या साहेबांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवी होती.

साहेबांना खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा नाद होता. फूलबागेजवळच्या त्यांच्या सरकारी बंगल्यात पलंगाएवढी काचेची टाकी होती. तिचं मीठ मुंबईहून पार्सलने यायचं (आपल्या वाण्याकडचं त्या माशांना चालत नसे!), आणि तिच्यात तीन टँग होते. टँग म्हणजे बशीसारखा चपटा, दिसायला राजबिंडा आणि स्वभावाने पक्का भाऊबंद असलेला मासा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार नस्तर. साहेबांचा एक आकाशी, एक पिवळा आणि एक गडद निळा. मी साहेबांकडे सह्या घ्यायला जायचो तेव्हा त्यांना लांबूनच नमस्कार करायचो. माशांना नव्हे, साहेबांना. पण तोंड टाकीकडे असायचं.

तो काळ याद्यांचा होता. राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं होतं. छत्तीसगड वेगळं होणार, आणि माणसांची, खुर्च्यांची, फायलींची वाटणी होणार. इंदरगंजातल्या आमच्या कचेरीत काम बंद आणि कुजबुज चालू. जो तो आपण रायपूरला का जाऊ शकत नाही याचं कारण शोधत होता. एकाने हृदयविकार काढला. दुसऱ्याने सासऱ्याचा हृदयविकार काढला. आमच्या बडे बाबूंनी तर रायपूरच्या हवेने आपल्याला दमा होतो असं प्रमाणपत्र आणलं. ते रायपूरला कधी गेलेच नव्हते!

माझ्याकडे खरंखुरं कारण होतं, म्हणून ते कुणी ऐकत नव्हतं. आईचे गुडघे गेले होते. खोलीतून अंगणापर्यंत यायला तिला माझा खांदा लागायचा. मंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, मुरारच्या खासगी शाळेत पक्की नोकरी. मी गेलो की घराचेही दोन तुकडे. शिवाय आमचं घराणं हलणाऱ्यांतलं नाही. पूर्वज दख्खनेतून इकडे आले ते एकदाच. पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, त्याचा मध्य प्रदेश झाला, राजधानीसुद्धा चंबूगबाळं आवरून भोपाळला गेली. वडील नाही गेले. "तिला गरज असेल, मला नाही," असं म्हणून ते त्याच कचेरीतून निवृत्त झाले. आता रायपूरला जाऊन त्यांचं नाव मी घालवायचं?

अशात साहेबांना याद्यांच्याच कामासाठी भोपाळला बोलावणं आलं. जाण्याआधी त्यांनी मला आत बोलावलं.

"वसंतजी, आप शरीफ आदमी हैं. कुछ महीने मेरी मछलियाँ सँभालेंगे?"

याद्या करणारा माणूस मासे सांभाळा म्हणतोय! त्याने हत्ती सांभाळा म्हटलं असतं, तरी मी माहूत शोधायला निघालो असतो.

चार हमालांनी टाकी आमच्या बैठकीत आणली. दिवाण अंगणात गेला, वडिलांचा फोटो स्वयंपाकघरात गेला. टाकीत खारं पाणी भरून झालं, दगड रचून झाले, पंप बुडबुडायला लागला. मासे तीन बादल्यांत न्हाणीघरात ठेवले होते. साहेबांनी सूचना म्हणून कागदावर एकच ओळ लिहून दिली होती, आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती : "तीनों को एक साथ छोड़ना."

मी ती आईला वाचून दाखवली. इथे माझं चुकलं.

"तिघांना एकदम?" आई म्हणाली. "अरे वसंता, असं कुठे असतं का? तीन सुना काय एकदम उंबरठा ओलांडतात?"

"आई, मासे आहेत ते."

"नव्या घरात येताहेत ना? मग! आधी थोरली. तिचा पाय घरात रुळला की मधली. मग धाकटी. एका घरात एकदम तीन गृहप्रवेश केले तर कुणाचंच भलं होत नाही."

"अहो, कागदावर लिहिलंय तसं करा ना," मंदा वह्या तपासता तपासता म्हणाली. "फालतूत लफडा होईल."

"साहेबांनी लिहून दिलंय, आई."

"साहेबांकडे कुणी वडीलधारं नसेल."

मी सरकारी नोकर. लेखी आदेश फायलीला लावायचा आणि तोंडी आदेश पाळायचा, ही वीस वर्षांची सवय. कागद मी टाकीखाली ठेवला आणि गुरुवारचा मुहूर्त धरला.

आकाशी मासा सर्वांत मोठा, म्हणून ती थोरली. आईने टाकीच्या काठावर तांदळाचं माप ठेवलं. मी थोरलीला जाळीतून उचललं, तोच तिने असा शेपटीचा फटका मारला, की माप उडालं आणि तांदूळ बैठकभर झाले. "बघ, कुणी सांगावं लागलं नाही!" आई म्हणाली. "चांगल्या घरची आहे." थोरली पाण्यात गेली, एक फेरी मारली, दगडातलं सगळ्यांत चांगलं बीळ बघितलं आणि आत जाऊन बसली. आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले! शेजाऱ्यांनी विचारलं, "बदली टळली का?" मी म्हटलं, "टळल्यासारखीच आहे."

सोमवारी मधलीचा, म्हणजे पिवळीचा, मान होता. चार दिवसांत थोरली अख्ख्या टाकीची मालकीण झाली होती. पिवळी पाण्यात उतरली आणि थोरली बिळातून बाहेर आली. तिने पिवळीला एकदा नीट न्याहाळलं, मग पाठ फिरवली. आम्हाला वाटलं, वाट देतेय. ती नस्तर काढत होती!

"नवी आली की थोरली जरा फुगतेच," आई म्हणाली. "रुळतील."

पिवळी टाकीच्या कोपऱ्यात पळाली, पंपामागे लपली, वर आली, खाली गेली. जाळी घालून तिला काढायला गेलो तर जाळीत दर वेळी थोरलीच सापडे. दुपारपर्यंत पिवळीच्या दोन्ही अंगांवर ब्लेडने ओढल्यासारख्या रेघा होत्या, आणि चहाच्या वेळेला ती आडवी तरंगत होती. आई त्या दिवशी चहा प्यायली नाही.

मी धावत जाऊन मुंबईच्या त्या मीठवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"एकेक करून सोडलेत?" तो ओरडला. "अहो, पहिल्याला टाकीचा सातबारा मिळतो! तिघं एकदम सोडायचे म्हणजे कुणाच्याच नावावर काही नसतं. साहेबांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "आईने नाही सांगितलं."

त्याने उपाय दिला : टाकीतले दगड हलवा, म्हणजे थोरलीला घर ओळखू येणार नाही. आणि काचेला बाहेरून आरसा लावा, म्हणजे ती स्वतःशीच भांडत बसेल. आमच्या घरात मोठा आरसा एकच, मंदाचा. तो टाकीला टेकवला. थोरलीला समोर दुसरी थोरली दिसली आणि दोघींची जी जुंपली, ती दिवसभर! त्या गडबडीत गडद निळी धाकटी आम्ही हळूच मागच्या बाजूने सोडली. दोन दिवस शांततेत गेले. मी रजा टाकून टाकीसमोर बसलो होतो. इतकं लक्ष मी स्वतःच्या लग्नातही दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदा आरसा उचलायला आली.

"मंदा, नको!"

"अहो, दोन दिवसांपासून अंदाजाने टिकली लावतेय मी. काल पूरी स्टाफरूम हसली माझ्यावर. दोन मिनिटं फक्त."

मंदाला अंबाडा घालायला सात मिनिटं लागतात. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण हे मला त्या दिवशी कळलं.

धाकटीलाही अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली पिवळीशेजारी पुरलं. आई माझ्या खांद्यावर भार टाकून तिथवर आली, दोघींवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "माझं चुकलं रे." आईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ऐकायला मुळीच बरं वाटलं नाही.

रविवारी साहेबांचा भोपाळहून फोन आला.

"कैसी हैं तीनों?"

मंदा समोर उभी होती. हाताने खूण करत होती, सांगून टाका, सांगून टाका. माझ्या डोळ्यांसमोर यादी होती.

"एकदम मजे में, सर!"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" फोन ठेवल्यावर मंदा म्हणाली. "चिडले असते, बस."

"आणि चिडून पहिलं नाव माझं घातलं असतं!"

पुढे दर रविवारी हेच. एकदा खोटं बोललं की त्याला खायला घालावं लागतं, आणि ते माशांपेक्षा जास्त खातं. पिवळीला भूक चांगली आहे. धाकटी आता थोरलीच्या मागे मागे फिरते. तिघी एकाच दगडाआड झोपतात. एकदा साहेब गहिवरून म्हणाले, "कमाल है, वसंतजी! मेरे यहाँ तो रोज लड़ती थीं. आपके हाथ में जादू है." मी लाजलो. खरंच लाजलो, इतका माझा त्या गोष्टीवर विश्वास बसला होता. तिकडे थोरली एकटी अख्ख्या टाकीत फिरत होती, आणि मधूनमधून काचेपाशी येऊन आरसा कुठे गेला ते बघत होती.

मग यादी आली. कचेरीच्या फळ्यावर लावली होती. दमेवाले बडे बाबू ग्वाल्हेरला. सासऱ्याचा हृदयविकार ग्वाल्हेरला. माझं नाव छत्तीसगडच्या पानावर होतं, वरून तिसरं. मी ते तीनदा वाचलं, वडिलांचंही नाव जोडलेलं होतं, म्हणजे दुसरा कुणी वसंत असण्याची सोय नव्हती. तिथूनच साहेबांना फोन लावला.

"सर, मेरा नाम..."

"अरे, बधाई हो! मैं आपको सरप्राइज देने वाला था. मुझे भी रायपुर मिला है. मैंने खुद आपका नाम डलवाया. आपका तो यहीं रुक रहा था, बड़ी मुश्किल से निकलवाया! तीनों आपके बिना कैसे रहेंगी?"

घरी आलो. मंदाला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझे चार शर्ट काढले आणि इस्त्री करायला घेतले. इस्त्री करता करता म्हणाली, "खरं बोलला असता, तर इथेच राहिला असता तुम्ही." आईने विचारलं, "परत कधी येशील?" मी म्हटलं, "दिवाळीला." मग तिला अंगणातून आत आणायला खांदा दिला. मी गेल्यावर तो कोण देणार, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

थोरलीला मी मांडीवरच्या कॅनमधून रायपूरला नेलं. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "इसमें क्या है?" मी म्हटलं, "मालकीण." टाकी मागाहून मालगाडीने आली. भाड्याच्या एका खोलीत टाकी लावली, उरलेल्या जागेत माझी खाट लावली, आणि ज्या दिवशी पाणी निवळलं, त्याच दिवशी साहेब मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर! बूट न काढताच टाकीपाशी गेले, वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. थोरलीने त्यांच्याकडे पाहून पाठ फिरवली.

"वसंतजी," ते सावकाश म्हणाले, "बाकी दो?"

आठ महिने मी खोटं बोललो होतो. तेव्हा एकदा तरी खरं बोलावं म्हटलं.

"सर," मी म्हटलं, "उन दोनों को ग्वालियर मिल गया."