मेंदीवाल्या अनीसाचा लोड

अकोल्याच्या अनीसाला कोणी विचारलं असतं की जन्नत कुठे आहे, तर तिनं सांगितलं असतं: सकाळी सातच्या अमरावती गाडीत, बायकांच्या राखीव सीटवर, खिडकीपाशी. घरी सासू, दोन पोरं आणि नवऱ्याचं शिलाईचं दुकान. अमरावतीत पोहोचलं की नवरीचे हात, करवल्यांचे हात, आणि "माझ्याही हातावर एक छोटीशी वेल काढ गं" म्हणणाऱ्या डझनभर मावश्या. लग्नसराईत आठवड्यातून चार दिवस ती मेंदी काढायला जायची, आणि मधले अडीच तास तिला कोणी काही मागत नसे. त्या अडीच तासांवर तिचा जीव होता.

आणि या जन्नतमध्ये एक हात शिरला होता.

बोरगाव मंजू मागे पडलं की तो यायचा. सीटची पाठ आणि बैठक यांच्यामध्ये जी फट असते ना, तिच्यातून. आधी चुकून लागल्यासारखा, मग चुकून लागून तिथेच राहिल्यासारखा. अनीसा पुढे सरकली की तोही सरकायचा. घरी परतल्यावर ती कमरेचा तेवढा भाग दोनदा साबणानं धुवायची आणि मग स्वतःवरच चिडायची, की घाण त्याची आणि साबण माझा का झिजतो?

सेफ्टी पिनचा सल्ला या देशातल्या प्रत्येक बाईला मिळालेला आहे. अनीसानंही पिन नेली. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गाडी उडाली आणि पिन तिच्याच मांडीत घुसली.

मग एकदा ती ओरडली. मागे रोजचे दोघे अप-डाऊनवाले बसत. एक खुशालराव, अमरावतीच्या एका कचेरीतले बडेबाबू, इस्त्रीचा शर्ट, गाडीतल्या सगळ्यांचे भाऊ. दुसरा सहदेव, बैलांचा दलाल, झुपकेदार मिशा, तांबारलेले डोळे, महिन्याला दोन वाक्यं बोलणारा. ती ओरडताच खुशालराव ताडकन उभे राहिले. "कोन हाये रे तो नालायक? आपल्या गाडीत बायाबापड्यांले त्रास?" असं म्हणून त्यांनी सहदेवकडे पाहिलं. मग सगळ्या गाडीनं सहदेवकडे पाहिलं. सहदेव खिडकीबाहेर पाहत राहिला. अनीसालाही त्याचाच संशय होता, पण हात तर फटीतून गायब झालेला.

"काही नाई जी," ती म्हणाली, "झुरळ होतं."

असं का म्हणाली? कारण तिचा नवरा ताहेर. माणूस चांगला, आणि तीच तर पंचाईत. वाईट असता तर "घरी बस" म्हणाला असता आणि तिनं भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. ताहेर तसलं काही म्हणणार नाही. तो दुकानाला कुलूप लावून तिच्या सोबत यायला निघेल, रोज. आणि ताहेरला गाडी लागते. एकदा एका लग्नासाठी बाळापूरला गेले, तर पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये त्यानं चार पिशव्या भरल्या. तो सोबत आला की गिऱ्हाईकं जातील ती जातील, पण खिडकीही जाईल, कारण खिडकीची गरज त्याला जास्त.

तेव्हा गाजावाजा न करता त्या हाताचा मालक शोधायचा होता.

तिनं ताहेरला सांगितलं, दिवसभर वाकून कंबर दुखते, एक लोड शिवून दे. त्यानं मापं घेऊन, आत चिंध्या आणि कापूस ठासून, सुरेख लोड शिवला. अनीसानं तो फटीला टेकवून ठेवला आणि स्वतः सीटच्या कडेवर बसली. पण निघताना तिनं आणखी एक काम केलं होतं. आदल्या दिवशीची भिजवलेली उरलीसुरली मेंदी, लिंबाच्या रसातली, लवंगेच्या तेलाची, तिनं एका ओल्या ओढणीवर फासली आणि ती ओढणी लोडाला गुंडाळली. मे महिन्याच्या उन्हात वऱ्हाडातल्या निम्म्या बायका ओली ओढणी घेऊनच बसतात, त्यामुळे गार-ओलसर लागलं म्हणून कोणाला काय संशय येणार!

बोरगाव गेलं. हात आला. लोडाला लागला, थबकला, आणि लोडानं काहीच तक्रार केली नाही म्हणून चांगला विसावला. मूर्तिजापूर आलं, गेलं. अनीसा फुटाणे खात खिडकीतून बाहेर पाहत होती आणि तिच्या शेजारी तो हात, चिंध्यांशी लाडीगोडी करत, तासभर रंगत होता. हसू दाबता दाबता तिला ठसका लागला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण दुधाऐवजी चुना पिणारं मांजर तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

मागे वळून तिनं पाहिलं नाही. घाई कशाला? मेंदी धुतली की जाते, रंग जात नाही. उलट दुसऱ्या दिवशी चढतो. हे बाईला माहीत असतं. पुरुषाला कोण सांगणार, आणि त्यानं तरी कोणत्या तोंडानं विचारावं?

दुसऱ्या दिवशी सहदेव नेहमीसारखा येऊन बसला. अनीसानं आधी त्याचेच हात पाहिले. राकट, भेगाळलेले, आणि स्वच्छ. तिला आपलीच लाज वाटली. मिशा पाहून माणूस ठरवला होता तिनं.

खुशालराव आले ते उजवा हात खिशात घालून. पास काढला डाव्या हातानं. कंडक्टर भागीरथाबाईंनी भुवई उंचावली, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी झोकात वळवली आणि उभे असलेले खुशालराव कोलमडले. पडणारा माणूस विचार करत नाही. उजवा हात खिशातून निघाला आणि वरच्या दांडीला जाऊन चिकटला.

पाची बोटं लालभडक. तळवा लालभडक. नखं तर नवरीलाही हेवा वाटावा अशी.

"अगंबाई!" पुढे बसलेल्या कुंदाबाई, शाळेच्या मास्तरीण, म्हणाल्या. "खुशालराव, मेंदी?"

"भाचीचं लगन होतं," खुशालराव घाम पुसत म्हणाले. "पोरींनी गमतीनं काढून देल्ली."

अनीसा उठली. तिच्या धंद्याचा प्रश्न होता. "पाहू द्या जी," म्हणत तिनं हाताला न शिवता, मान तिरपी करून नीट पाहिलं. "भाऊ, याच्यात ना वेल, ना बुट्टी. नुसता थापा. अन् लवंगेचा वास येऊन राहिला. ही काढलेली मेंदी नाई जी. ही चोरलेली हाये."

"काय बोलून राहिल्या तुमी?"

"काल म्या माह्या लोडाले मेंदी लावली होती. लोड माह्या पाठीशी होता. तुमचा हात तिथं कावून गेलता, तेवढं सांगा."

खुशालरावांनी हात पुन्हा खिशात कोंबला. मग कुंदाबाई हळू म्हणाल्या, "तीन वर्षं झाली. मी सीट बदलली ती याच्याचमुळे." पलीकडच्या कोपऱ्यातून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. प्रत्येकीला वाटत होतं की तो हात फक्त तिच्याच नशिबी आला आहे. अनीसाचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला असा संताप आला की पिन असती तर या वेळी नेम चुकला नसता.

सहदेवनं महिन्याची दोन्ही वाक्यं एकदम वापरली. "मले उठू द्या. म्या याच्यापाशी बसत नसतो."

खुशालराव बसायला गेले. "बसू नका," भागीरथाबाई म्हणाल्या. "पोलीस चौकी पायजेन का दांडी? दांडी पायजेन तं अमरावतीपर्यंत धरून उभे राहा. उजव्या हातानं."

त्यांनी दांडी धरली. मूर्तिजापूरला वीस माणसं चढली, बडनेऱ्याला दहा, आणि चढणारा प्रत्येक जण विचारत होता, "काहो खुशालराव, मेंदी कोनाच्या लग्नाची?" उत्तर द्यायला सगळी गाडी उत्सुक होती. तळव्याचा रंग पंधरा दिवसांत जाईल. नखांवरचा मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत मुक्कामाला असतो.

संध्याकाळी अनीसा घरी आली तेव्हा ताहेर मशीनवर होता आणि समोर वहीत तीन मापं लिहिलेली होती.

"तेरे गाडी की तीन औरतें आके गईं," तो म्हणाला. "सबको कमर का लोड होना. एकच गाडी में सबकी कमर कैसे दुखती रे?"

आता संपलं, असं तिला वाटलं. ती पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं: फट, झुरळ, ओढणी, दांडी. सांगताना मध्येच हसली, मध्येच रडली. ताहेरचं मशीन थांबलं होतं. त्यानं हातातलं कापड मांडीवर ठेवलं.

"मैं आऊँ क्या साथ में?"

त्यानं विचारलं होतं. ठरवलं नव्हतं.

"नको," अनीसा म्हणाली.

ताहेरनं मान हलवली, खडू उचलला आणि लोडाच्या कापडावर एक रेघ मारली. "तो फिर नीचे से पट्टी लगा देता हूँ," तो म्हणाला. "फटीत घट्ट बसेल. तू टेकून बस आरामात."