लुइझाची पाच पानं

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०१४. वारा उत्तरेचा, दुपारनंतर पडला. डॉक्टर झाम्बेताकडे येऊन गेले. तिची सून देस्पिना म्हणाली, आठवडा, फार तर दोन. कुंडीतल्या लुइझाची पानं वाळली, चहासाठी मोठ्या बरणीत भरली. सेज दोन मुठी उरली आहे. मांजरीने सुरईचं झाकण फोडलं.

एवढं लिहून कोर्निलियाने पेनाला टोपण लावलं. तिच्या नोंदी नेहमी अशाच असत. नवरा लोरेंट्सो गेला त्या दिवशीसुद्धा तिने वारा कुठला होता, डॉक्टर किती वाजता आले आणि पाव शिळा होता, एवढंच लिहिलं होतं. तिला ही सवय सिस्टरांच्या निवासी शाळेत लागली. तिथे प्रत्येक मुलीने रोज वही लिहायची आणि सिस्टर क्लोतिल्द दर शनिवारी तांबडी पेन्सिल घेऊन त्या वह्या तपासायच्या. 'मला वाईट वाटलं' असं कुणी लिहिलं तर त्यावर रेघ ओढली जायची. काय घडलं ते वहीत लिहावं आणि काय वाटलं ते देवाला सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

शाळा सुटून अठ्ठावन्न वर्षं झाली, पण वह्या थांबल्या नाहीत. दर साली एक अशा त्या कपाटात ओळीने लागल्या होत्या. १९५१ सालची तेवढी ओळीत नव्हती. ती उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून खालच्या फळीवर, हिवाळी चादरींच्या मागे ठेवलेली होती. कोर्निलियाने ती कधी उघडली नाही आणि चुलीतही घातली नाही. तिच्यात काय आहे ते तिला पाठ होतं.

गुरुवार, १० मे १९५१. झाम्बेताने सिस्टरांच्या बागेतून लुइझाची पाच पानं आणली. दुपारच्या झोपेच्या वेळी आम्ही चौघींनी एका मगातून चहा घेतला. लिंबासारखा लागतो, पण आंबट नाही. झाम्बेता म्हणते, पानं उकळायची नाहीत, पाणी उतरवून मग टाकायची आणि झाकायची.

ओळींच्या शेजारी समासात तांबडी खूण होती.

सोमवारी सकाळी झाम्बेताचा बाप तिला न्यायला गाढव घेऊन शाळेच्या दारात उभा होता. लुइझाचं ते झुडूप आजारी मोठ्या सिस्टरांसाठी राखलेलं होतं आणि झाम्बेता शाळेत फुकट शिकत होती. फुकट शिकणाऱ्या मुलीने चोरी केली, म्हणजे प्रश्नच मिटला. बाकीच्या तिघींना एक दिवस उपास घडला, तेवढंच. झाम्बेताला सिस्टर अथेन्सला पाठवणार होत्या, ती मास्तरीण होणार होती. ती गावी परतली, शेळ्या राखू लागली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन एका गवंड्याच्या घरी गेली.

वह्या तपासल्या जातात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण तेरा वर्षांच्या कोर्निलियाला त्या चहाची चव इतकी आवडली होती, की ती लिहिताना शनिवार विसरली.

झाम्बेताने मात्र संशय घेतला तो अनेतावर. अनेता शेजारच्या खाटेवर झोपायची आणि आदल्याच आठवड्यात दोघींचं एका फितीवरून भांडण झालं होतं. पुढे अनेताने गावात सुई-दोऱ्याचं दुकान घातलं. झाम्बेता दोऱ्याच्या एका गुंडीसाठी टेकडी उतरून खालच्या गावी जायची. झाम्बेताच्या पोराच्या बाप्तिस्म्याला अनेताने डोंगरी चहाचा डबा पाठवला, तो हिने न उघडता परत धाडला. अनेताला शेवटपर्यंत कळलं नाही, आपलं काय चुकलं. गेल्या वसंतात ती वारली. घंटा वाजत होती तेव्हा झाम्बेता दारं लावून घरात बसली होती.

आणि इतकी वर्षं रोज दुपारी चार वाजता झाम्बेता कोर्निलियाच्या स्वयंपाकघरात चहाला येत होती.

त्या चहाचाही एक रिवाज होऊन गेला होता. कोर्निलिया किटली ठेवायची, झाम्बेता डोळे मिटून घोट घ्यायची आणि निकाल द्यायची. तिची जीभ अशी, की सेज समुद्राकडच्या उतारावरची की वरच्या देवळामागची, हे ती एका घोटात सांगायची. कॅमोमाइल कुणी दुपारी खुडलंय हेही तिला कळायचं.

"ही खालची आहे. मीठ लागतंय हिला."

"मीठ कुठलं आलं गं पानाला?"

"वाऱ्यातून. तू लिही, कारकुनबाई. मी चाखते, तू लिही."

कोर्निलिया तीस वर्षं पंचायतीच्या कचेरीत कारकून होती, त्यावरून हा टोमणा. आणि ती खरंच लिहायची. 'सेज, खालची, खारट. झाम्बेताला आवडली नाही.' हिवाळ्यात थाइम आणि मध, पोट बिघडलं की कुठलीशी कडू पाला-काडी, झोप येत नसली की कॅमोमाइल. साठ वर्षांच्या वह्या अशा चवींनी भरल्या होत्या. फक्त लुइझा त्या स्वयंपाकघरात कधी शिजली नाही. कोर्निलियाच्या अंगणात तिची कुंडी होती, पानं वाळवून ती भाचीला पाठवायची. झाम्बेताने कधी विचारलं नाही आणि हिने कधी समोर ठेवली नाही.

आता डॉक्टरांनी दिवस सांगितले होते. कोर्निलिया रात्रभर जागीच होती. इतकी वर्षं 'सांगेन कधीतरी' म्हणून ढकललेली गोष्ट आता ढकलायला पुढे जागाच उरली नव्हती.

बुधवारी चार वाजता ती बरणी आणि अभ्र्यातली वही पिशवीत घालून झाम्बेताकडे गेली. दार सुनेने उघडलं. देस्पिना अथेन्सची होती. सासूची सेवा मनापासून करायची, पण इथल्या म्हाताऱ्यांचं बोलणं तिला अर्धंच उमगायचं.

"मावशी, फार बोलवू नका हं त्यांना. धाप लागते."

कोर्निलियाने तिथल्याच चुलीवर पाणी ठेवलं, उतरवलं, पानं टाकली, वर बशी ठेवली. खोलीभर वास पसरला. झाम्बेता उशांना टेकून बसली होती. चेहरा मुठीएवढा झाला होता, पण नाक जागं होतं.

"लुइझा," ती म्हणाली. "बाई, तुला बरी आठवली. मी मरायला टेकले तेव्हा."

"घे. गरम आहे, जपून."

तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले.

"तीच चव. तो कान तुटलेला मग आठवतो तुला?"

"आठवतो."

"कोर्निलिया, एक सांगायचं होतं. अनेताला मी माफ केलं. परवा फादर आले होते, त्यांनाही सांगितलं. पोर होती ती, बोलून गेली असेल. मी साठ वर्षं उराशी धरून बसले, आता टाकलं. बघ, किती हलकं वाटतंय." ती जराशी हसली. "माझं आटोपलं की तिच्या थडग्यावर याची एक डहाळी ठेव. म्हणावं, झाम्बेताने पाठवलीय."

कोर्निलियाला वाटलं, इथेच गप्प बसावं. बाई सुखाने चालली आहे, जाऊ द्यावं. पण ती डहाळी आपल्याच हाताने अनेताच्या थडग्यावर ठेवायची आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी तिला पोचवायची, हे तिच्याच्याने होईना. तिने पिशवीतून वही काढली.

"अनेताने नाही सांगितलं."

"मग कुणी?"

"मी. सांगितलं नाही, लिहिलं. वहीत. शनिवारी सिस्टरांनी वाचलं."

झाम्बेता तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाच."

कोर्निलियाने वाचलं. त्या चार ओळी वाचायला तिला फार वेळ लागला.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. 'झाम्बेता म्हणते, पानं उकळायची नाहीत' इथवर वाचून तिने वही मिटली.

"आता का सांगितलंस?" झाम्बेताचा आवाज अगदी साधा होता. "पन्नास वर्षांपूर्वी सांगतीस तर भांडले असते, वर्षभर बोलले नसते, पुन्हा आले असते. अनेताच्या दुकानात गेले असते. आता त्या बाईला मी काय सांगू? आणि तुझ्यावर रागवायला माझ्याकडे दिवस तरी कुठे आहेत?"

"झाम्बेता..."

"कप ने तो. जा आता. मला पडू दे."

कोर्निलियाने कप उचलला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती गेली तेव्हा देस्पिना दारातच आडवी आली. "मावशी, रागावू नका. काल तुम्ही गेल्यापासून त्यांची धाप वाढली. डॉक्टरांनी कुणाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय."

"बरं. हे तेवढं दे त्यांना." कोर्निलियाने थर्मास पुढे केला.

त्यानंतर हाच क्रम झाला. रोज चार वाजता भरलेला थर्मास दारात द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. घरात थर्मास दोन होते, एक तिचा आणि एक लोरेंट्सोचा, तेव्हा अडलं नाही. आजाऱ्याच्या जिभेला चव लागावी म्हणून ती पानं मुठीने टाकायची आणि चांगली उकळायची. लुइझा उकळू नये हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या दिवसांत तिला एवढंच सुचत होतं, की चहा कडक असावा, थर्मास गच्च लागावा, तिथपर्यंत गरम पोचावा. थर्मास रिकामा यायचा. तो झाम्बेता प्यायची की देस्पिना मोरीत ओतायची, हे तिने विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिची छाती नव्हती.

वहीत ती रोज लिहायची: 'थर्मास दिला. थर्मास आणला.'

मंगळवारी दार उघडताना देस्पिना काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने. तेवढ्यात आतून खोकल्याची ढास ऐकू आली आणि ती धावली. बुधवारी दारात तिचा नवरा होता, त्याने मान हलवून थर्मास घेतला. गुरुवार, शुक्रवार फादर येऊन-जाऊन होते.

शनिवारी पहाटे झाम्बेता गेली.

रविवारी माती झाल्यावर सगळे देवळामागच्या खोलीत जमले. कडू कॉफी, कडक टोस्ट, ब्रँडीचे छोटे पेले. बायका झाम्बेताच्या जिभेच्या गोष्टी सांगत होत्या, दोन्ही अर्थी. कुणाच्या लग्नात तिने एका घोटात ओळखलं होतं, की वाइनमध्ये गेल्या साली उरलेली मिसळली आहे, आणि तसं मोठ्याने म्हटलंही होतं. हशा पिकला. कोर्निलिया भिंतीकडेच्या खुर्चीत हातात कॉफीचा कप धरून बसली होती.

देस्पिना हात पुसत तिच्याजवळ येऊन बसली. डोळे सुजले होते.

"मावशी, तुमचा चहा त्या प्यायच्या बरं का. दोन घोट, तीन घोट. उरलेला मी घ्यायची. रोज विचारायच्या, आला का म्हणून."

कोर्निलियाने कप बशीत ठेवला. "काही म्हणायची?"

"तक्रारच करायच्या, दुसरं काय! मंगळवारी तर चिडल्याच. म्हणाल्या, 'पानं उकळतेय ती. कडू करून ठेवलाय. तिला म्हणावं, स्वतः येऊन कर इथे, माझ्यासमोर.'" देस्पिना ओलं हसली. "मी म्हटलं, आजारपणात माणूस किरकिर करतंच. तुम्ही इतक्या मायेने आणता, तुम्हाला कशाला हे ऐकवायचं? बुधवारीही विचारलं त्यांनी, 'सांगितलंस का?' मी हो म्हटलं. उगाच त्रास नको म्हणून. मग दार वाजलं की दाराकडे बघत राहायच्या. गुरुवारी काही बोलल्या नाहीत."

देस्पिनाचा हात कोर्निलियाच्या गुडघ्यावर होता, तो तिने थोपटला. पोरीचा काय दोष होता? तीही जे ऐकलं ते पुढे न सांगता गप्प राहिली होती, आणि तिनेही ते चांगल्या मनानेच केलं होतं.

"मावशी, मी काही चुकले का?"

"नाही गं. तू दमलीयेस. टोस्ट खा एखादा."

सगळे पांगल्यावर ती दफनभूमीत परत गेली. अनेताचं थडगं सरूच्या झाडाखाली होतं, झाम्बेताचं वरच्या अंगाला, अजून ओल्या मातीचं. सकाळी खुडलेली लुइझाची डहाळी तिच्या पर्समध्ये होती. ती अनेताच्या थडग्यावर ठेवताना झाम्बेताचा निरोप तिला देता येईना, कारण तो निरोप आता खरा नव्हता. "ही माझ्याकडून," ती एवढंच म्हणाली. मग जी चार पानं गळून पर्सच्या तळाशी राहिली होती, ती तिने वर झाम्बेताच्या मातीवर ठेवली. वाऱ्याने त्यातली दोन तिच्यादेखत उडवून नेली.

घरी आल्यावर चार वाजले होते. सवयीने तिने किटली ठेवली, दोन कप काढले, मग किटली उतरवली आणि कप जागच्या जागी ठेवून दिले. देस्पिनाने शेवटचा थर्मास दारात आणून ठेवलेला होता.

संध्याकाळी तिने वही उघडली. एकदा 'मला' एवढं लिहिलं आणि खोडलं. मग खाली लिहिलं:

रविवार, १९ ऑक्टोबर २०१४. वारा संध्याकाळी पडला. थर्मास परत आला. बुचाला वास आहे. धुतला नाही.