झिजलेला पाय

कृष्णवेणी मामी माझ्याशी बोलायच्या, पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून आत, स्वयंपाकघराकडे असायची. अण्णा नगरच्या या घरात आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं.

मामी रस्त्यापलीकडे, समोरच्या एका खोलीत एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, टेलिफोन खात्यातून निवृत्त. माहेर तंजावरकडचं, तिथल्या जुन्या मराठी घरातलं. इतक्या लांब दक्षिणेत मराठी कानावर पडलं म्हणून मी हरखले आणि चहा पुढे केला.

"चहा? आजारी माणसाला देतात तें? कापी कर गे."

मग म्हणाल्या, "या घरांत आधी कोण होतें, ठाऊक आहे का? पहिला एक मास्तर. मग तेलुगू लोक. भांडले, गेले. मग बेंकेतला एक, बायको आजारी पडली, गेले. परणावर चढलीस का?"

परण म्हणजे आमचा माळा. सामान हमालांनीच वर टाकलं होतं.

"नाही. काय आहे तिथे?"

"काय असणार? धूळ."

धुळीची एवढी चौकशी कोण करतं? मी घरमालक राजगोपाल यांना फोन लावला. ते म्हणाले, त्या बाईला आत घेऊ नका. घर पूर्वी तिच्या सासरचं होतं, दिराने विकलं. तेव्हापासून ती भाडेकरूंच्या मागे असते. मी विचारलं, आधीचे लोक का गेले? "बदली," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बँकवाल्याची बदली समजू शकते. सगळ्यांचीच कशी?

गंधार, माझा नवरा, हसला. "सावनी, तू देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील."

पुढे मेट्रोच्या जिन्यावर त्याचा पाय मुरगळला. हाड शाबूत होतं, पण सूज उतरेना. मामी दारात आल्या. "कोणता? उजवा का?" असं विचारलं आणि मी हो म्हणताच आल्या पावली परत गेल्या. त्या दिवसापासून मी देवापाशी दिवा लावला की आधी दाराची कडी बघायला लागले.

नवरात्राच्या आदल्या दिवशी घटासाठी पितळी परात हवी होती, म्हणून स्टुलावर चढले. परात निघाली. तिच्यामागे, अगदी कोपऱ्यात, चटईची गुंडाळी होती. ती आमची नव्हती. आत पिवळ्या दोऱ्याने बांधलेलं जुनं रेशीम, आणि त्यात दोन काळपट लाकडी बाहुल्या. एक पुरुष, एक बाई. अंगावर चिंधी नाही. समोरासमोर बांधलेल्या. आणि पुरुषाचा उजवा पाय घोट्यापर्यंत नाहीसा.

रामरक्षा म्हणतच खाली उतरले.

"कारागीर पाय करायला विसरला असेल," गंधार म्हणाला.

"विसरला नाही. घासून काढलाय. हात लावून बघ."

त्याने हात लावला नाही. स्वतःच्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच हसला नाही.

करणीची वस्तू घरात ठेवून घट कसा बसवायचा? समुद्रात सोडून यायचं मी ठरवलं. पिशवी घेऊन फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होते, तोच मामी रस्ता ओलांडून आल्या. पिशवीतून रेशमाचा काठ बाहेर आला होता. त्यांनी सरळ आत हात घातला. मी पिशवी ओढली.

"मामी, हे तुम्हीच ठेवलंत ना वर?"

"मीच."

"का? आमचं काय वाकडं होतं तुमच्याशी? चांगला चालता माणूस लंगडा केलात!"

मामी पायरीवर बसल्या.

"करणी म्हणतेस? अय्यो, बुद्धी फिरली का तुझी? माझ्या लग्नांत आईनें दिलेली मरप्पाची गे ही, लाकडी नवराबायकोची जोडी! कोलूंत आधी हीं दोघें बसतात, मग बाकीचे देव."

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात तो; तेव्हा या जोडीला कपडे नेसवतात, एरवी तशीच बांधून ठेवतात. मामींचे यजमान गेले त्या वर्षी कोलू झाला नाही, बाहुल्या माळ्यावरच राहिल्या. पुढचं नवरात्र यायच्या आत दिराने घर विकलं, मामींना सामानही काढू दिलं नाही. मामींनी पहिल्या भाडेकरूला, त्या मास्तरला, विश्वासाने सांगितलं. त्याने मातीच्या बाहुल्यांची पेटी खाली काढली, जुन्या वस्तूंच्या दुकानात विकली आणि माळा रिकामा आहे म्हणाला. चटई तेवढी त्याला दिसली नसावी.

"तेव्हांपासून कोणाला सांगितलें नाहीं. एकेकाचें तोंड बघत होतें, हा देईल की विकेल. बेंकवाल्यानें विकलें असतें. त्या तेलुगू बाईनें तर नक्कीच."

"आणि मी?"

"तुझें ठरत नव्हतें. चहा पितेस."

रिक्षा आली. मी थांबा म्हणून खूण केली. गोष्ट खरी वाटत होती, पण गोष्ट कोणीही रचू शकतं.

"मग हा पाय?"

"माझी लेक लहान होती, सारखीं गळवें उठत. याचाच पाय उगाळून लावीत होतें. जा, सहाण आण."

रिक्षा परत पाठवली आणि देवघरातली सहाण आणली. मामींनी पुरुष बाहुली उलटी धरली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि उरलेला घोटा सहाणेवर फिरवायला लागल्या. लालभडक गंध उतरलं. रक्तचंदन! लहानपणी पडले की आजी मुक्या मारावर हेच लावायची. मी रंग ओळखला.

"मामी, पुरे. आणखी झिजेल."

"झिजूं दे. पायासाठीं पायच जातो."

तरीसुद्धा मी तो लेप आधी माझ्या मनगटाला लावला आणि वाळेपर्यंत बघत बसले. मामींनी ते पाहिलं. "मीही तेंच केलें असतें," म्हणाल्या.

मग मी गंधारच्या घोट्याला लेप लावला. तोवर मामी दोन्ही बाहुल्या उजेडाला धरून नाक, कान, बोटं तपासत होत्या, मी काही मोडलं तर नाही ना म्हणून. सगळं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावरच त्यांनी बाहुल्या पदरात गुंडाळल्या आणि रस्ता ओलांडून घरी नेल्या.