समोरच्यांचे पाय बघून

मल्लेश्वरमच्या मैदानावर मुलींना थ्रोबॉल शिकवणाऱ्या त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. मुली त्यांना अक्का म्हणतात. साडीवर बूट, गळ्यात शिट्टी. रोज ऑफिसला जाताना मी कुंपणापाशी थोडी थांबते, बोलत नाही.

शनिवारी मी मुद्दाम सामना बघायला गेले, तेव्हा त्यांच्या मुलींनी स्पर्धेतल्या सगळ्यात तगड्या संघाला हरवलं. रविवारी समोर अनवाणी आलेल्या मुली होत्या. त्यांच्यासमोर अक्कांच्या मुली हसत, वेण्या सावरत खेळल्या आणि हरून स्पर्धेबाहेर गेल्या.

"अक्का, स्वल्प, थोड्याशा सैल पडलो," कॅप्टन म्हणाली.

"सैल? त्यांचे पाय बघितलेत आणि ठरवलंत, यांच्यासाठी कशाला घाम गाळायचा!" अक्कांचा आवाज कापत होता. तेवढं कन्नड मला कळतं. "हरलात त्याचं काही नाही. त्यांचा अपमान केलात."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? काल टाळ्या वाजवून हात लाल केलेस. आज फोन खाली ठेवला नाहीस."

मला भयंकर राग आला. ओळख ना पाळख! फोन पर्समध्ये कोंबला.

पलीकडे अनवाणी मुली एकमेकींना उचलून नाचत होत्या. त्यांच्यासाठी अख्ख्या मैदानावर एकट्या अक्काच टाळ्या वाजवत होत्या, रागानेच.