दगूबाईचा कापूसभरला अंगरखा

कळसाडीच्या दगूबाईने जन्मभर गावातल्या बायांचे ब्लाउज शिवले, आणि जन्मभर तिच्या मनात एकच होतं: एकदा तरी आखाजीचा सरदार व्हायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वरच्या आणि खालच्या गल्लीतल्या बाया गौराई घेऊन नाल्यावर जातात आणि दोन काठांवर समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींचा उद्धार करतात. दोन्हीकडे एकेक बाई पुरुषाचं सोंग घेते, तीच सरदार. दगूबाईच्या खालच्या गल्लीचा सरदार दरवर्षी रुपाच, कारण ती उंच. दगूबाई पडली ठेंगणी. लहानपणी हट्ट धरला तेव्हा आई म्हणाली होती, माठातलं पाणी घ्यायला तुला पाट लागतो, तू कसली सरदार. ते तिला अजून झोंबत होतं.

यंदा रुपा भाच्याची जीन्स घालणार हे कळलं आणि दगूबाईने तोंड उघडलं. जीन्समधला सरदार कोणी पाहिलाय? बाया हसता हसता बोलून गेल्या, जी खरा जुन्या काळचा पोशाख आणेल ती सरदार. त्यांना काय ठाऊक, मशीनवाल्या बाईला शब्द दिलाय म्हणून.

शहाद्याच्या एका दुकानात तिने जुन्या कॅलेंडरवर तसा अंगरखा पाहिला होता. दोन पदरांत कापूस, वरून गोधडीसारखा धावदोरा, छातीवर बंद, कमरेखाली घेर. तिने लाल खादी आणली, जेवणखाण विसरली, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाली. बगलेखाली चौकोनी तुकडा जोडल्यावर हात थेट आभाळाकडे गेला तेव्हा तिने एकटीनेच घरभर तलवार फिरवली. तलवार म्हणजे कापड मोजायचा लाकडी गज.

कापूस घरातच होता. भाव वाढेल म्हणून नवऱ्याने, बन्सीलालने, खोलीत ढीग लावून ठेवला होता. तिने तोच बियांसकट उचलला नि भरला.

"सरकी काढी का त्यामधली?" बन्सीलालने विचारलं.

"मजारनं कोन दखस?" आतलं कोणाला दिसतंय, म्हणून तिने उडवून लावलं.

"लोके हासतीन ना वं."

"हासू द्या."

 आखाजीच्या दिवशी सून काजलने बंद बांधले, फेटा चढवला, कोळशाने मिशा काढल्या. आरशात बघून दगूबाई इतकी खूश झाली की स्वतःलाच मुजरा केला. रुपाने तिला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि बाजूला सरकली.

पण वैशाखाचं ऊन आणि अंगात कापसाची गादी. नाल्यावर पोचेपर्यंत सरदार घामाने निथळत होता. आतली सरकी भिजली, फुगली, आणि रोज संध्याकाळी गोठ्यात म्हशीपुढच्या सरकीच्या घमेल्यातून येतो तोच वास सुटला. नेमक्या त्याच वेळी गावची गुरं चरून परतत होती. त्यांत दगूबाईची म्हैस होती.

म्हशीने मान वर केली, वास घेतला आणि घराची वाट सोडून सरळ नाल्याकडे निघाली. दगूबाई समोरच्या बायांना गाण्यातून शिव्या मोजत होती, एवढ्यात मागून घेराला हिसका बसला. टर्रकन शिवण उसवली. ती पळाली. म्हैस मागे. पळता पळता सरदार नाला ओलांडून थेट समोरच्या घोळक्यात घुसला, गज उगारलेला, पाठीमागून म्हैस, हवेत कापूस. वरच्या गल्लीच्या बाया गौराई सावरत वाट फुटेल तिकडे पळाल्या. दरवर्षी अंधार पडेपर्यंत चालणारं भांडण तिथेच मिटलं, खालची गल्ली जिंकली. खालची गल्ली हसून हसून जमिनीवर बसली, रुपा तर सगळ्यांच्या आधी, आणि तिनेच पहिली आरोळी दिली, "मन्हा सरदार जितना."

बन्सीलालने येऊन म्हैस धरली. सगळं गाव हसत होतं. त्याने बायकोच्या उतरलेल्या मिशांकडे पाहिलं, मग हसू दाबत म्हणाला, "पुढला साले बी तूच सरदार व्हजो. पन सरकी काढीसनी."

घरी काजल बंद सोडायला आली तर दगूबाईने तिचे हात बाजूला केले. इतकी सुखी ती स्वतःच्या लग्नातही नव्हती. चरवी घेऊन ती तशीच, फेट्यासकट, धारेला बसली. म्हशीने मान वळवून अंगरख्याची बाही तोंडात धरली आणि निवांत चघळू लागली. दगूबाईने हात तिच्याकडे आणखी थोडा पुढे केला आणि दुसऱ्या हाताने धार काढत राहिली.