तीस हजार एकतीस

निजामाच्या अख्ख्या मुलुखात एका आकड्यावर जीव टाकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा कडा गावात आपल्या ओसरीवर पोरांना गणित शिकवत. लोक गाई-म्हशी पाळतात. आतोबांनी तीस हजार एकतीस हा आकडा पाळला होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार करायचा, त्यात एक मिळवायचा, की हा जन्मतो, असं ते बारशाच्या थाटात सांगत. मग त्या सहांपैकी कुणानंही भागा, हटकून एक उरतो. सतरानं भागलं तर नऊ. "कुणाला दाद देत न्हाई गडी," म्हणत ते मिशीवरून हात फिरवत. नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी दर्शनाची रांग या आकड्यापायी अडवून धरली होती. तहसिलीत पेशकारसाहेबांना त्याची थोरवी ऐकवली, तेव्हा साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, ये कौन से गाँव का सर्वे नंबर है?" आठ दिवस आतोबा जेवताना पुटपुटत होते.

आत्याला शिकायचं होतं. दाराआडून ऐकून ऐकून तिनं बेरीज-वजाबाकी उचलली होती. आता तिला पाटी हवी होती आणि ओसरीवर जागा, स्वतःला आणि आळीतल्या पोरींनाही. आतोबांना नाही म्हणवेना, आणि हो म्हणावं तर गाव काय म्हणेल ही धास्ती. म्हणून त्यांनी आपला लाडका पुढं केला. हा फोडून दाखव, बाकी शून्य आण, मग ओसरी तुझी, असं चारचौघांत सांगून टाकलं. त्यांना घोर नव्हता. दोनापासून तिसापर्यंतचा एकेक पाढा त्यांनी त्याच्यावर घालून पाहिला होता, आणि पाढे तर तिसालाच संपतात.

चार महिने चुलीमागची भिंत कोळशानं काळी होत गेली. मग एका सकाळी, ओसरी पोरांनी भरलेली असताना, आत्या पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"अवो, एकोणसाठानं फुटतंय."

आतोबांनी पाटी ओढली. एकोणसाठ पाचशे वेळा काढले, उरले पाचशे एकतीस. आणखी नऊ वेळा काढले, खाली शून्य. पाटी पुसून पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

"एकोणसाठापर्यंत तू गेलीस कशापायी?"

"मला कुठं पाढे येतात? तिसाला थांबायचं असतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

दोन दिवस आतोबा घरचा बैल गेल्यासारखे बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ओसरी झाडली, पोरींसाठी सतरंजी अंथरली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच एकोणसाठचा पाढा पाठ करायला बसले. चुकले की आत्या सांगायची. पुढं कुठलाही नवा आकडा सुचला, की तो पहिल्यांदा तिच्याकडं यायचा.

आता आतोबा नाहीत. जाण्याआधी त्यांनी तिला एक लांबलचक आकडा दिला होता, मला झेपत न्हाई म्हणून. परवा कड्याला गेलतो, तर आत्या उन्हात पाटी घेऊन बसलेली. दोनापासून भागत भागत तीनशेच्या पुढं पोचली होती. मी विचारलं, फुटतोय का?

"न्हाई," ती म्हणाली. "अजून उरतंय." आणि हसून तिनं पाटी पुसली, पुढच्या आकड्यासाठी.